जुनी गॅस भट्टी घरी दुरुस्त करता येते का? काय स्वतः करावे आणि काय मिस्त्रीवर सोडावे

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातले मुरुम हे कर्नाटकच्या सीमेजवळचे बाजारपेठेचे गाव. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. थंड देशांत वर्कशॉपमध्ये माणसांना ऊब मिळावी म्हणून छताला गॅस हीटर टांगतात, तशी गरज इथे पडत नाही. इथे गॅसची आच लागते ती कामासाठी. भजी-जिलेबीच्या कढईखाली, पेढ्यासाठी खवा आटवताना, सोनाराच्या डागकामाला, लग्नाच्या स्वयंपाकाला आणि पोल्ट्रीच्या शेडमध्ये पिलांना ऊब द्यायला.

यातली बरीच साधने जुनी असतात. कुणी दुसऱ्याकडून घेतलेली, कुणी भंगारातून उचललेली, कुणाची वडिलांच्या काळापासून चालत आलेली. भट्टी नीट पेटेनाशी झाली की मालक स्वतःच पाना हातात घेतो, कारण एक दिवस भट्टी बंद म्हणजे एका दिवसाचा धंदा बुडाला. यातली काही कामे घरी खरोखर करता येतात. काही कामे मात्र घरी केली तर जिवावर बेततात. दोन्हींतली सीमा कुठे आहे, ते या लेखात पाहू.

थोडक्यात

- बर्नरची साफसफाई, जेट धुणे, नळी व क्लिप बदलणे, साबणाच्या फेसाने गळती तपासणे ही कामे मालक स्वतः करू शकतो.
- रेग्युलेटर उघडणे, सिलिंडरच्या वॉल्व्हला हात लावणे, जेटचे भोक मोठे करणे आणि सुरक्षा वॉल्व्ह बांधून ठेवणे ही कामे कधीही करू नयेत.
- पिवळी ज्योत, भांड्यावर काजळी आणि डोके दुखणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर भट्टी लगेच बंद करून खोलीबाहेर यावे.
- गॅस गळतीसाठी देशभर १९०६ हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो.

भट्टीत नेमके काय काय असते?

भट्टी लहान असो वा मोठी, गॅसचा रस्ता एकच असतो. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, कॉक, जेट, मिक्सिंग ट्यूब आणि शेवटी बर्नर.

रेग्युलेटर सिलिंडरमधला जास्त दाब कमी करतो. घरगुती रेग्युलेटरमधून बाहेर येणारा दाब जेमतेम ३०० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३० ग्रॅम असतो. मोठ्या भट्टीला जो हाय प्रेशर रेग्युलेटर लावतात, तो याच्या कितीतरी पट दाब देऊ शकतो.

जेट म्हणजे बारीक भोक असलेला पितळी तुकडा. त्यातून गॅस जोरात सुटतो आणि जाताना बाजूच्या झरोक्यातून हवा आत ओढून घेतो. मिक्सिंग ट्यूबमध्ये गॅस आणि हवा एकत्र मिसळतात आणि बर्नरच्या भोकांतून बाहेर येऊन जळतात. हीच रचना १८५५ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत रूढ झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आणि हॉटेलातली बीडाची भट्टी ही एकाच कुळातली.

हे समजले की दुरुस्तीचे निम्मे काम सोपे होते. भट्टीचा जवळपास प्रत्येक दोष तीनांपैकी एका ठिकाणी असतो. गॅस कमी किंवा जास्त येतो, हवा कमी किंवा जास्त मिळते, किंवा गॅस रस्त्यात कुठेतरी गळतो.

गॅसचा स्वभाव ओळखा

एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. सिलिंडरमध्ये दाबामुळे ते द्रव असते. एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. म्हणून द्रवरूप गॅसची लहानशी गळतीही मोठी ठरते.

हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, गटारात उतरतो, खालच्या पातळीवरच्या खोलीत साचतो. खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण खिडकी वर असते आणि गॅस खाली. दाराखाली किंवा भिंतीच्या पायथ्याशी हवा जायला वाट हवी.

हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के असले की ठिणगीने भडका उडतो. ठिणगी विजेच्या बटणातूनही पडते. मूळ गॅसला जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. सर्दी झालेल्या किंवा दिवसभर त्याच वासात वावरणाऱ्या माणसाच्या नाकावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये.

काम सुरू करण्यापूर्वी

१. सिलिंडरवरील रेग्युलेटर बंद करा. नळीत उरलेला गॅस बर्नरवर जळून जाऊ द्या, मग कॉक बंद करा.

२. रेग्युलेटर काढून सिलिंडरला सुरक्षा टोपी लावा आणि सिलिंडर उभाच, बाहेर मोकळ्या जागी नेऊन ठेवा.

३. भट्टी पूर्ण थंड होऊ द्या. बीडाचा बर्नर तासभरही गरम राहतो.

४. भट्टी उघड्यावर, अंगणात किंवा ओट्यावर आणा. जवळ चूल, उदबत्ती, विडी, चालू मोटर काही नको.

५. सुटे भाग काढताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. जुन्या भट्टीला माहितीपुस्तिका नसते. जोडताना हे फोटोच कामी येतात.

गळती कशी शोधायची?

काडी पेटवून गळती शोधण्याची सवय अजून गेलेली नाही. ती आजच सोडून द्यावी. साबणाचा फेस हे काम बिनधोक करतो.

वाटीभर पाण्यात कपडे धुण्याचा किंवा भांड्यांचा साबण घोळून दाट फेस करा. भट्टीचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा. रेग्युलेटरचा जोड, नळीची दोन्ही टोके, नळीची पूर्ण लांबी, कॉकची दांडी आणि पाइपचे सगळे जोड यांवर ब्रशने फेस लावा. जिथे बुडबुडे फुगत राहतात तिथे गळती आहे. एखादा बुडबुडा येऊन थांबला तर घाबरू नका, तो आत अडकलेल्या हवेचा असू शकतो. पुसून पुन्हा लावून पाहा.

नळीवर गळती दिसली तर नळी बदला. चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा तार गुंडाळून भागवू नका. क्लिपपाशी गळती असेल तर क्लिप नवी घ्या आणि नळीचे टोक नोझलवर पूर्ण आत गेले आहे का ते पाहा. नळी भारतीय मानक आयएस ९५७३ ची असावी आणि दीड मीटरपेक्षा लांब नसावी. आतून तारेची जाळी असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळी साधारण पाच वर्षांनी बदलायची असते. नळीवर छापलेली तारीख वाचा. तारीख पुसली गेली असेल तर तोच बदलण्याचा इशारा समजा. वाकवल्यावर बारीक भेगा दिसणारी नळी तारखेत असली तरी निरुपयोगी.

हाय प्रेशर रेग्युलेटरला घरगुती शेगडीची नळी जोडणे ही मोठी चूक. त्या दाबासाठी वेगळी नळी मिळते, तीच वापरावी.

पाइपच्या आट्यांमधून गळती असेल तर त्यावर एपॉक्सी लांबी, साबणाची वडी किंवा सुतळी-रंग लावून वेळ मारून नेऊ नये. उष्णतेने हे सगळे तडकते. जोड उघडून गॅससाठीच बनवलेले सीलंट किंवा टेप लावावी लागते. हे काम पाइपचा सराव असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

बर्नर आणि जेट कसे साफ करावेत?

जुनी भट्टी नीट न पेटण्याचे सर्वांत मोठे कारण साधे असते. घाण. तेल, पीठ, साखरेचा पाक, दूध उतू जाऊन बर्नरची भोके बुजतात. महिनोन् महिने बंद राहिलेल्या भट्टीत आणखी एक पाहुणा सापडतो. कोळी मिक्सिंग ट्यूबमध्ये जाळे विणतो आणि कुंभारीण माशी त्याच नळीत मातीचे घर बांधते. बाहेरून काही दिसत नाही, पण आतली हवेची वाट बंद झालेली असते. अशी भट्टी पेटवली की ज्योत पिवळी, लांबट येते किंवा बर्नरऐवजी झरोक्यापाशीच भडका होतो. लग्नसराईपुरती बाहेर निघणारी भट्टी दरवेळी आधी उघडून पाहावी ती यासाठीच.

बर्नर उचलून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. भोके तारेच्या ब्रशने वरून घासा. बुजलेले भोक मोकळे करायला भोकापेक्षा बारीक तार वापरा, खिळा ठोकू नका. मिक्सिंग ट्यूबमधून बाटलीचा ब्रश फिरवा. मग सगळे उन्हात पूर्ण वाळवा. आत पाणी राहिले तर ज्योत फडफडते.

जेटला मात्र जपावे लागते. पितळ मऊ असते. सुई किंवा स्टीलची पिन घालून फिरवली की भोक मोठे होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. जेट पान्याने काढून साबणाच्या पाण्यात ठेवा आणि मागच्या बाजूने हवा मारा. तेवढ्याने मोकळा झाला नाही तर त्याच मापाचा नवा घ्या. तो स्वस्त असतो.

भोक थोडे मोठे झाले तर काय बिघडते? हिशेब करून पाहू. गॅस किती सुटेल हे भोकाच्या क्षेत्रफळावर ठरते. १ मिलिमीटरचे भोक १.२ मिलिमीटर झाले तर क्षेत्रफळ १.४४ पट होते, म्हणजे गॅस ४४ टक्के जास्त जातो. हवेचा झरोका तेवढाच राहतो. जास्तीचा गॅस धड जळत नाही, काजळी धरतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. “जेट थोडा खुला केला, आच वाढली” असे सांगितले जाते तेव्हा वाढलेले असते ते प्रामुख्याने गॅसचे बिल.

ज्योत काय सांगते?

निळी, स्थिर, आतला शंकू स्पष्ट दिसणारी: भट्टी ठीक आहे.

पिवळी, लांब, वर काजळी सोडणारी: हवा कमी पडते. आधी मिक्सिंग ट्यूब व बर्नर साफ करा, मग हवेचे शटर थोडे उघडा. जेट मोठा झाला आहे का ते तपासा.

बर्नरपासून उचलली जाणारी, फुसफुस आवाज करणारी: हवा किंवा दाब जास्त आहे. शटर थोडे बंद करा, हाय प्रेशर रेग्युलेटर असेल तर दाब कमी करा.

फट् आवाज होऊन ज्योत बर्नरच्या आत, जेटपाशी जाणे: दाब कमी आहे, बर्नर तडकला आहे किंवा भोके झिजून मोठी झाली आहेत. गॅस लगेच बंद करा, थंड होऊ द्या. तडकलेला बर्नर बदलण्याला पर्याय नाही.

काही भोकांवर ज्योत, काहींवर नाही: भोके बुजली आहेत किंवा बर्नर जागेवर नीट बसलेला नाही.

ज्योतीत अधूनमधून केशरी ठिणग्या दिसल्या तर घाबरायचे कारण नाही. हवेतली धूळ किंवा मीठ जळताना तसा रंग येतो. सतत पिवळी ज्योत ही वेगळी गोष्ट.

ब्रूडर आणि सिरॅमिक हीटर

ऊब देण्यासाठी गॅस वापरण्याचे ग्रामीण महाराष्ट्रातले खरे उदाहरण म्हणजे पोल्ट्रीतला ब्रूडर. पिलांना पहिल्या आठवड्यात साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करत नेतात. थंडीच्या रात्री ब्रूडर विझला तर पिले एकमेकांवर चढून गर्दी करतात आणि सकाळपर्यंत बरीच दगावतात. म्हणून ब्रूडर बिघडला की घाई होते, आणि चूक घाईतच होते.

अशा हीटरमध्ये बारीक भोकांची सिरॅमिक प्लेट असते. गॅस तिच्या पृष्ठभागावर जळतो आणि प्लेट लाल होऊन ऊब फेकते. शेडमधली पिसे आणि तुसाची धूळ हवेच्या जाळीत अडकते. जाळी काढून झटकणे आणि मऊ ब्रशने प्लेट साफ करणे हे मालकाने दर खेपेला पिले आणण्यापूर्वी करावे. प्लेटवर तारेचा ब्रश फिरवू नये. प्लेटला तडा गेला तर आग मागे जाऊ शकते, म्हणून प्लेट बदलावीच लागते. तडा सिमेंटने भरून चालत नाही.

बटण दाबून धरले की पेटते आणि सोडले की विझते, ही जुन्या हीटरची नेहमीची तक्रार. याचे कारण बहुधा थर्मोकपल असते. ज्योतीत तापणारी ही छोटी सळई काही मिलिव्होल्ट वीज तयार करते आणि त्या विजेवर गॅसचा वॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की सळई थंड होते, वीज थांबते आणि वॉल्व्ह आपोआप बंद होतो. सळईवर काजळी बसली असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसावी. ती ज्योतीत नीट बुडते का, मागचा नट सैल आहे का, ते पाहावे. तरीही चालत नसेल तर थर्मोकपल नवा बसवून घ्यावा.

बटणाला दोरी किंवा तार बांधून ते दाबलेलेच ठेवणे हा सर्वांत वाईट ‘जुगाड’. मग वाऱ्याच्या झोताने ज्योत विझली तरी गॅस रात्रभर सुटत राहतो. भुसा अंथरलेल्या बंद शेडमध्ये याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

सिलिंडरवर बर्फ साचतो तेव्हा

मोठी भट्टी जोरात चालली की सिलिंडर बाहेरून गार पडतो, त्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि आच कमी होते. गॅस संपला असे वाटते, पण सिलिंडर हलवला तर आत द्रव असतो. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरमधलीच उष्णता ओढून घेतो. जितका गॅस वेगाने ओढाल तितका सिलिंडर गार पडतो आणि वायू तयार होण्याचा वेग मंदावतो.

इथे भट्टीत दोष नसतो. एका सिलिंडरकडून जास्त काम मागितले जात असते. यावर सिलिंडर आडवा करणे, उलटा धरणे, उकळत्या पाण्यात ठेवणे किंवा खाली शेगडी पेटवणे असे उपाय सर्रास केले जातात. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव नळीत येतो आणि भट्टीवर आगीचा लोळ उठतो. सिलिंडर तापवला तर आतला दाब वाढून तो फुटू शकतो. योग्य उपाय एकच. एजन्सीकडून दोन किंवा अधिक सिलिंडर एकत्र जोडणारी मॅनिफोल्ड व्यवस्था करून घेणे, किंवा भट्टी कमी आचेवर चालवणे.

पुण्या-मुंबईहून आणलेली जुनी भट्टी

मोठ्या शहरातले हॉटेल बंद पडले की तिथल्या भट्ट्या, ओव्हन स्वस्तात विकल्या जातात आणि गावाकडे येतात. घेताना एक प्रश्न नक्की विचारावा. ही भट्टी कोणत्या गॅसवर चालत होती? मुंबई आणि पुण्यात अनेक हॉटेलांत पाइपचा नैसर्गिक वायू वापरतात. तो मुख्यतः मिथेन असतो. एक घनमीटर एलपीजीत त्याच्या सुमारे अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणून पाइप गॅसच्या भट्टीचे जेट मोठ्या भोकांचे असतात. तीच भट्टी जशीच्या तशी सिलिंडरला जोडली तर ज्योत भडकते, काजळीचे लोट उठतात. जाणकाराकडून सगळे जेट एलपीजीच्या मापाचे बदलून घेतल्याशिवाय अशी भट्टी पेटवू नये.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या हीटरचेही तसेच. ब्रिटनमधली अनेक प्रोपेन उपकरणे ३७ मिलिबार दाबासाठी बनलेली असतात, तर आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाब देतो. उपकरणावरील पट्टी वाचल्याशिवाय जोडणी करू नये. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हेही ध्यानात ठेवावे की ब्रिटनमध्ये गॅसचे काम करणारा व्यावसायिक ‘गॅस सेफ’ नोंदवहीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. गॅरेजमधला जुना हीटर तिथे शेजाऱ्याकडून दुरुस्त करून घेणे महागात पडू शकते.

बंद खोलीतला न दिसणारा धोका

गळतीला वास असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. हवा अपुरी पडली की अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून तो तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणे. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने होणारे मृत्यू याच वायूमुळे होतात.

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे साडेपंधरा किलो, म्हणजे साधारण १३ घनमीटर हवा लागते. दहा बाय दहा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सगळी मिळून २८ घनमीटर हवा असते. तासाला एक किलो गॅस जाळणारी भट्टी तिथे शटर ओढून चालवली तर एका तासात जवळपास निम्म्या हवेतला ऑक्सिजन खर्ची पडू शकतो. ज्योत तर त्याच्या कितीतरी आधी बिघडते. थंडीत, पावसात किंवा पोलिसांच्या नजरेआड रात्री उशिरा शटर बंद करून भट्टी चालवणे म्हणूनच जीवघेणे ठरते. भट्टीसमोरचे दार उघडे हवे आणि गरम हवा जायला वर झरोका किंवा एक्झॉस्ट हवा.

कुणाला वरील लक्षणे जाणवली तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे. “थोडे पडून राहा, बरे वाटेल” असे म्हणून त्याच खोलीत झोपवू नये.

गॅस सुटला तर काय करावे?

१. रेग्युलेटर बंद करा. सगळ्या शेगड्या, चूल, दिवा विझवा.

२. विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. पंखाही नाही.

३. दारे-खिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा.

४. गळती सिलिंडरच्या वॉल्व्हमधून असेल तर रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी लावा. शक्य असेल तरच सिलिंडर उभाच उघड्यावर न्या.

५. बाहेर आल्यावर १९०६ वर किंवा एजन्सीला फोन करा.

नळीच्या टोकाला आग लागली असेल तर आधी गॅस बंद करायचा. गॅस सुटत असताना नुसती ज्योत विझवली तर न जळलेला गॅस साचून मोठा भडका होऊ शकतो. भट्टीच्या जागी कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे असावे, आणि ते भट्टीच्या मागे न ठेवता दाराजवळ ठेवावे.

कशाला हात लावू नये?

रेग्युलेटर कधीही उघडू नये. त्यातला पडदा आणि स्प्रिंग कारखान्यात जुळवलेले असतात. बिघडला तर एजन्सीकडून बदलून घ्यावा. सिलिंडरच्या वॉल्व्हमधली पिन दाबून पाहणे, आतली रबरी रिंग सुईने काढणे हेही टाळावे. ते काम डिलिव्हरी करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचे. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणे हा गुन्हाही आहे आणि स्फोटाला आमंत्रणही.

सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवरील तारीख वाचायची सवय लावावी. ए, बी, सी, डी या इंग्रजी अक्षरांपैकी एक आणि वर्षाचे दोन आकडे तिथे लिहिलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा.

नियम काय सांगतात?

एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० नुसार घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. हा आदेश जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेला आहे. व्यवसायासाठी १९ किलोचा सिलिंडर घ्यावा लागतो. छोट्या हातगाडीसाठी ५ किलोचे सिलिंडरही मिळतात. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला वेगळा परवाना लागत नाही. त्यापुढे लागतो.

याचा संबंध दुरुस्तीशीही आहे. नोंदणीकृत ग्राहकांच्या अपघातासाठी तेल कंपन्या विमा उतरवतात. पण घरगुती सिलिंडर भट्टीला जोडलेला असेल किंवा मानक नसलेली नळी आणि रेग्युलेटर असेल तर अपघातानंतर दावा अडचणीत येतो.

दुरुस्ती करावी की नवी घ्यावी?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर जुन्या भट्टीचा मोह सोडावा. बर्नर तडकला आहे आणि त्या मापाचा मिळत नाही. बर्नरची दोन भोके झिजून एक झाली आहेत. गॅसचा पाइप गंजून पापुद्रे सुटत आहेत. कॉक बंद करूनही बर्नरवर बारीक ज्योत राहते आणि बदली कॉक मिळत नाही. उपकरणावर कोणत्या गॅससाठी, किती दाबासाठी याची पट्टीच नाही आणि सांगणारेही कुणी नाही.

यातले काही नसेल तर जुनी भट्टी अजून अनेक वर्षे चालू शकते. बीड सहजासहजी खराब होत नाही. महिन्यातून एकदा बर्नर धुणे, आठवड्यातून एकदा फेसाने गळती पाहणे, नळीची तारीख भिंतीवर लिहून ठेवणे आणि रोज काम संपल्यावर गॅस रेग्युलेटरपाशी बंद करणे, एवढे पाळले तर पाना हातात घेण्याची वेळ क्वचितच येते. शेवटची सवय सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. फक्त भट्टीचा कॉक बंद करून घरी गेले तर रात्रभर नळीत दाब राहतो आणि जुनी नळी उंदराने कुरतडली तरी कुणाला कळत नाही.